नगरपरिषदेचा ठराव आणि आपला मोहल्ला : सूचना कुठे लागते, हरकत कधी द्यायची

मोहल्ल्यात बातमी कशी पोहोचते ते आपल्या सर्वांना ठाऊक आहे. जुम्म्याच्या नमाजनंतर कोणीतरी म्हणतो, "अरे, कब्रस्तानच्या त्या जागेचं आरक्षण उठलं म्हणे." दुसरा विचारतो, "कोण म्हणालं?" तिसरा फोनमध्ये एक पुसट फोटो दाखवतो. संध्याकाळी बैठक होते, तावातावाने चार माणसं बोलतात आणि दुसऱ्या दिवशी दहा-बारा जण नगरपरिषदेत धडकतात. तिथला कारकून शांतपणे सांगतो, "हरकतीची मुदत गेल्या महिन्यातच संपली."

राग कारकुनावर निघतो, नगरसेवकावर निघतो. पण खरी गोष्ट अशी की सूचना निघालेली असते, फलकावर लागलेली असते, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात छापूनही आलेली असते. आपल्यापैकी कोणी ती वाचलेली नसते, एवढंच. म्हणून नगरपरिषदेचा निर्णय कसा होतो, तो होण्याआधी आपल्याला कुठे बोलता येतं आणि झाल्यावर काय करता येतं, हे आम्ही इथे एका जागी मांडत आहोत. जपून ठेवा, घरच्यांना आणि जमातीच्या मंडळींना दाखवा.

कोण काय ठरवतं

चिपळूण, खेड, राजापूर, श्रीवर्धन, मुरुड-जंजिरा, महाड इथे नगरपरिषद आहे. दापोली, मंडणगड, गुहागर, म्हसळा इथे नगरपंचायत आहे. दोन्हींचा कारभार महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ या एकाच कायद्याने चालतो. नगरपरिषदांचे लोकसंख्येवरून तीन वर्ग आहेत : एक लाखाच्या वर 'अ', ४० हजार ते एक लाख 'ब' आणि ४० हजार किंवा त्याहून कमी 'क'. नगरपंचायतीत १७ नगरसेवक निवडून येतात.

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्याआधी बऱ्याच गावांत काही वर्षं निवडून आलेलं कोणी नव्हतं, प्रशासकच कारभार बघत होते. आता सभा पुन्हा होणार, विषय पुन्हा चर्चेला येणार. नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडलेला आहे आणि निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत.

कामाची वाटणी साधी आहे. धोरण आणि पैसा यांना मंजुरी सभा देते, म्हणजे नगरसेवक. अंमल मुख्याधिकारी करतात आणि ते शासनाचे अधिकारी असतात. मधल्या पातळीवर विषय समित्या असतात : स्थायी, बांधकाम, पाणीपुरवठा, आरोग्य व स्वच्छता, शिक्षण, नियोजन व विकास, महिला व बालकल्याण. आपला प्रश्न कोणत्या समितीकडे जातो हे माहीत असलं की अर्ज योग्य टेबलावर पोहोचतो. नाहीतर तो 'संबंधित विभागाकडे' फिरत राहतो.

विषयपत्रिका कशी वाचायची

सर्वसाधारण सभा साधारणपणे दोन महिन्यांतून एकदा होते. तिची नोटीस सात पूर्ण दिवस आधी निघते. विशेष सभेला तीन दिवस पुरतात. नोटिशीसोबत विषयपत्रिका असते आणि सगळं काही तिच्यातच असतं, फक्त भाषा कळली पाहिजे.

'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे' हा बहुतेक पहिला विषय. गेल्या सभेत काय ठरलं ते इथे पक्कं होतं. बोललं एक आणि लिहिलं दुसरंच, असं झालं असेल तर नगरसेवकाने इथेच दुरुस्ती सुचवायची असते.

'कार्योत्तर मंजुरी' म्हणजे काम किंवा खर्च आधीच झाला आहे, सभेची मान्यता मागाहून घेतली जात आहे.

'अवलोकनार्थ' म्हणजे फक्त माहितीसाठी ठेवलेला विषय.

'आरक्षणात फेरबदल', 'विकास योजनेत किरकोळ फेरबदल', 'जागा भाडेपट्ट्याने देणे' असे शब्द दिसले की थांबून सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर वाचा. विषयपत्रिकेत 'कब्रस्तान' हा शब्द कदाचित नसेल, नुसता नंबर असेल. आपल्या मोहल्ल्यातल्या सार्वजनिक जागांचे नंबर जमातीच्या वहीत लिहिलेले असले पाहिजेत ते यासाठीच.

शेवटी असतात 'आयत्या वेळचे विषय'. हे विषयपत्रिकेत छापलेले नसतात. अध्यक्षांच्या परवानगीने सभेत मांडले जातात. नाव साधं वाटतं, पण सभा संपल्यावर आपल्या नगरसेवकाला न चुकता विचारायचा प्रश्न हाच : "आयत्या वेळी काय काय आलं?"

ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं असतात. कोणी विरोध नोंदवला असेल तर तोही लिहिलेला असतो. म्हणून "आम्ही विरोध केला होता" असं कोणी सांगितलं तर इतिवृत्ताची प्रत मागा. कागदावर आहे तेच खरं.

कब्रस्तानची जागा : इथे झोपून चालणार नाही

मय्यतीला जागा हा उपकार नाही. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली. तिच्यात नगरपालिकांकडे द्यायचे १८ विषय आहेत आणि दफनभूमी-दहनभूमी हा त्यांतला एक आहे. १९६५ च्या अधिनियमातही प्रेतांच्या विल्हेवाटीसाठी जागा मिळवणं आणि राखणं हे नगरपरिषदेच्या बंधनकारक कर्तव्यांत येतं. कोविडच्या काळात, मे २०२० मध्ये, वांद्र्याच्या कब्रस्तानांत दफन थांबवण्याची मागणी मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. सन्मानाने दफन होणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने त्या वेळी म्हटलं.

हक्क आहे, पण जागा टिकवायची तर कागद सांभाळावे लागतात. सर्वात आधी हे शोधा की तुमचं कब्रस्तान कोणाच्या नावावर आहे. तीन शक्यता असतात. एक, वक्फ म्हणून नोंदलेली जागा. दोन, ट्रस्ट किंवा जमातीच्या नावावरची जागा. तीन, नगरपरिषदेच्या किंवा सरकारच्या मालकीची जागा. हे सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर कळतं. "आमच्या आजोबांच्या वेळेपासून आहे" ही गोष्ट खरी असते, पण टेबलावर ती एकटी पुरत नाही.

आता नव्या जागेबद्दल. गाव वाढलं, जुनं कब्रस्तान भरलं, म्हणून विकास योजनेत, ज्याला आपण डीपी म्हणतो, नव्या कब्रस्तानसाठी जागा आरक्षित होते. नकाशावर रंग भरला, आरक्षण क्रमांक पडला की आपण खूश होतो. चूक तिथेच होते. आरक्षण म्हणजे ताबा नाही. ती जमीन अजून खाजगी मालकाची असते.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ मध्ये काय आहे ते नीट समजून घ्या. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत नगरपरिषदेने ती जमीन घेतली नाही, तर मालक नगरपरिषदेला नोटीस देऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत जमीन संपादित झाली नाही किंवा संपादनाची पावलं सुरू झाली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. मग मालक आजूबाजूच्या जमिनीवर जे चालतं ते बांधायला मोकळा.

समजा, योजना २०१२ मध्ये अमलात आली. २०२२ मध्ये दहा वर्षं भरली. २०२३ मध्ये मालकाने नोटीस दिली. २०२५ मध्ये आरक्षण गेलं. या काळात मोहल्ल्यात कोणाला काही कळलंच नाही, कारण नोटीस मालकाने नगरपरिषदेला दिली होती, आपल्याला नाही. मालकावर रागावून उपयोग नाही. त्याची जमीन वर्षानुवर्षं अडकून राहू नये म्हणूनच कायद्याने त्याला हा हक्क दिला आहे. जबाबदारी नगरपरिषदेची होती आणि तिला वेळेवर आठवण करून देण्याची आपली.

आणखी एक गोष्ट. "सभेने ठराव केला आहे, प्रस्ताव वर पाठवला आहे" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताच्या निकालाने स्पष्ट केलं की नुसता ठराव किंवा संपादनासाठी पाठवलेलं पत्र म्हणजे संपादनाचं पाऊल नव्हे. प्रत्यक्ष संपादनाची कायदेशीर घोषणा लागते. जमीन घेण्याचे मार्ग तीन : मालकाशी वाटाघाटीने, टीडीआर किंवा वाढीव चटई क्षेत्र देऊन, किंवा भूसंपादन कायद्याने. तिन्हींना तयारी लागते, शेवटच्या दोन मार्गांना वेळही बराच जातो आणि रोख मोबदला द्यायचा तर अंदाजपत्रकात तरतूद लागते. म्हणून अंदाजपत्रकाची सभा जवळ आली की, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, लेखी मागणी करा : "अमुक आरक्षण क्रमांकाच्या कब्रस्तानसाठी संपादनाची तरतूद करावी." पुढच्या वर्षी पुन्हा करा. सगळ्या पोचपावत्या एका फाईलमध्ये लावा.

संरक्षक भिंत, आतला रस्ता, पाणी, दिवे यांसाठी अल्पसंख्याक विकास विभागाच्या क्षेत्र विकास योजनेतून निधी मिळू शकतो. मात्र प्रस्ताव नगरपरिषदेकडून जावा लागतो. तो गेला की नाही, हे विचारणारा माणूस आपल्यातलाच हवा.

विकास योजनेवर हरकत

विकास योजना साधारण २० वर्षांनी सुधारायची असते. प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की नगरपरिषदांच्या क्षेत्रात हरकती आणि सूचना द्यायला ३० दिवस मिळतात. नंतर नियोजन समिती सुनावणी घेते. मंजूर योजनेत कलम ३७ खाली छोटा फेरबदल करायचा झाला तरी सूचना काढावी लागते आणि हरकतीला महिन्याची मुदत असते.

हरकतीचा अर्ज लांबलचक नको. सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक, काय प्रस्तावित आहे, आपलं म्हणणं काय आणि कारण काय, एवढं पुरे. कारण लिहिताना भावना कमी, माहिती जास्त. मोहल्ल्यात घरं किती, सध्याच्या कब्रस्तानात जागा किती उरली, दुसरं कब्रस्तान किती अंतरावर, पावसाळ्यात तिथे पाणी साचतं का, जनाजा न्यायला रस्ता आहे का, हे लिहा. शंभर सह्यांच्या एका अर्जासोबत वेगवेगळ्या कुटुंबांचे वेगळे अर्जही द्या, म्हणजे प्रत्येकाची हरकत वेगळी नोंदली जाते. सुनावणीची तारीख आली की जाच. अर्ज देऊन सुनावणीला कोणी फिरकलं नाही, तर अर्जाचं वजन निम्मं होतं.

जागा घेताना किंवा घर बांधताना भाग नकाशा आणि झोन दाखला आधी काढा. आखाती देशांत पंधरा-वीस वर्षं कमावून घेतलेला प्लॉट नंतर रस्त्याच्या आरक्षणात निघाला, तर पाहायचं कोणाकडे? चिपळूण-महाडच्या लोकांनी त्यासोबत पूररेषाही बघावी. २२ जुलै २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना हे वेगळं सांगायला नको.

घरपट्टीची नोटीस

घरपट्टीची आकारणी चार वर्षांनी नव्याने होते. नवी आकारणी लागू करण्याआधी मालकाला नोटीस येते आणि तिच्यात हरकतीची मुदत दिलेली असते. मुदतीत हरकत दिली तर सुनावणी होते. दिली नाही तर आकडा कायम.

आपल्या कोकणातल्या मोहल्ल्यांची अडचण वेगळी आहे. घरमालक कुवेतला किंवा मुंबईला, घराला कुलूप, नाहीतर घरात म्हातारी आई एकटी. नोटीस दाराला चिकटवलेली, पावसात भिजून गेलेली. तीन वर्षांनी मुलगा येतो तेव्हा थकबाकी आणि वर दरमहा २ टक्के शास्ती. हे टाळायला कर विभागात आपला चालू मोबाइल नंबर नोंदवा आणि एखाद्या नातेवाइकाला लेखी अधिकारपत्र देऊन ठेवा.

नोटिशीत तीन गोष्टी तपासा : क्षेत्रफळ बरोबर आहे का, बांधकामाचा प्रकार बरोबर लिहिला आहे का, राहतं घर व्यापारी म्हणून तर दाखवलं नाही ना. आणि लक्षात असू द्या, घरपट्टीची पावती मालकीचा पुरावा नाही. वारस नोंद करायची राहिली असेल तर ती वेगळी करून घ्या.

जन्म-मृत्यूची नोंद

हे काम सभेत येत नाही, पण प्रत्येक घराशी याचा संबंध आहे. जन्म किंवा मृत्यू २१ दिवसांत कळवला तर नोंद मोफत होते. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क लागतं. ३० दिवसांनंतर एक वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. २०२५ पासून राज्यात अशा उशिराच्या नोंदींची छाननी फार कडक झाली आहे. त्यामुळे "नंतर बघू" हे आता परवडणारं नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळा प्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच पुरावा धरला जातो.

दवाखान्यात जन्म झाला तर दवाखाना कळवतो, पण नाव टाकायचं आपल्याला असतं. नोंदीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क टाकता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. अकीका झाला, नाव ठेवलं, पण दाखल्यावर जागा रिकामी, अशी किती तरी मुलं आपल्याकडे आहेत. नाव टाकताना स्पेलिंग एकच ठरवा. बापाच्या आधारवर 'मोहम्मद', मुलाच्या दाखल्यावर 'मुहम्मद' आणि शाळेत 'मो.' असं झालं की पुढे पंधरा वर्षं तो मुलगा दुरुस्तीच्या अर्जांमागे फिरतो.

घरी इंतकाल झाला तर कळवण्याची जबाबदारी घरच्या कर्त्यावर असते. दफन झालं की काम संपलं असं समजू नका. वारसाहक्क, पेन्शन, बँक, विमा, सगळं त्या दाखल्यावर अडतं.

ठराव झाल्यावर

मुदत गेली, ठराव झाला, तरी सगळे दरवाजे बंद होत नाहीत.

पहिलं, ठरावाची प्रत मिळवा. माहिती अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा. माहिती ३० दिवसांत द्यावी लागते. नाही दिली तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, तिथेही काम झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. अर्जात "का केलं?" असं विचारू नका. ठरावाची प्रत, इतिवृत्त, टिपणी, नोटीस प्रसिद्ध केल्याचा पुरावा अशी कागदपत्रं मागा. कलम १२७ ची नोटीस आली आहे का, आली असेल तर कोणत्या तारखेला, हेही याच मार्गाने कळतं.

दुसरं, ठराव बेकायदेशीर असेल किंवा त्यामुळे लोकांना त्रास होणार असेल, शांतता बिघडणार असेल, तर १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी स्थगित करू शकतात. अर्ज लगेच द्यावा लागतो, काम पूर्ण झाल्यावर नाही.

तिसरं, शेवटचा मार्ग न्यायालय. तिथेही पहिला प्रश्न हाच येतो : तुम्ही वेळेत हरकत घेतली होती का? पोचपावती असेल तर उत्तर सोपं जातं.

जमातीने काय करावं

यासाठी मोठी संघटना लागत नाही. दोन माणसं पुरतात, एक निवृत्त आणि एक कॉलेजात जाणारा. आठवड्यातून एकदा नगरपरिषदेचा फलक पाहायचा, संकेतस्थळ पाहायचं, जाहीर सूचना वाचायच्या. जे सापडेल ते मुदतीच्या तारखेसह मशिदीच्या फलकावर लावायचं आणि मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं. पुसट फोटो नको, तारीख आणि नंबर स्पष्ट लिहा.

एक फाईल कब्रस्तानची ठेवा : मिळकत पत्रिका, वक्फ किंवा ट्रस्टची नोंद, विकास योजनेचा भाग नकाशा, योजना अमलात आल्याची तारीख आणि त्यानंतर दहा वर्षं कधी भरतात ती तारीख. शेवटच्या दोन तारखा फाईलच्या कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहा. कमिटी बदलली तरी फाईल बदलू नये, ती नव्या कमिटीच्या हातात सही घेऊन द्यावी.

बैठकीला बायकांना बोलवा. नळाला पाणी किती वाजता येतं, कचऱ्याची गाडी किती दिवस आली नाही, गटार कुठे तुंबतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. आणि स्मशानभूमीच्या जागेचा प्रश्न शेजारच्या वाडीलाही असतोच. कलम १२७ सर्वांना सारखंच लागू आहे. दोन्ही मागण्या एका अर्जात गेल्या तर सभेत त्या बाजूला सारणं कठीण होतं.

या लेखातल्या मुदती आम्ही मोजून लिहिल्या आहेत, तरी अर्ज करण्याआधी सूचनेवर छापलेली तारीख पाहाच. आपल्या गावात अशी एखादी सूचना लागलेली दिसली तर आम्हालाही कळवा, ती लोकांपर्यंत पोहोचवण्याचं काम आमचं. पण फलकासमोर उभं राहून ती वाचायचं काम, इन्शाअल्लाह, तुमच्यापैकीच कोणीतरी या सोमवारी सुरू करेल.